चीफ ऑफ पर्सोनेल : मानाची खुर्ची की बाजूला सारणं?

दर्यागप्पा : नौदलाच्या अ‍ॅडमिरल दिनेश त्रिपाठींचा सेवापट चाळत होतो. युद्धनौका, फ्लीट, ऑपरेशन्स आणि मध्येच २०२१ ला दिल्लीत चीफ ऑफ पर्सोनेल, म्हणजे नौदलाच्या मनुष्यबळाचे प्रमुख. लढाऊ माणसाला भरती-बदल्यांच्या टेबलावर का बसवतात? आणि नौसैनिकांच्या बदल्या तिथूनच निघतात का?

कारंजाकर : बाजूला सारणं कसलं! नौदलप्रमुखांच्या हाताखालच्या मोजक्या प्रिन्सिपल स्टाफ ऑफिसरांपैकी (मुख्यालयातल्या मुख्य सहकारी अधिकाऱ्यांपैकी) हे एक पद, व्हाइस अ‍ॅडमिरलचं. त्रिपाठी १ जुलै १९८५ ला कमिशन झाले, विषय कम्युनिकेशन आणि इलेक्ट्रॉनिक वॉरफेअर. विनाश, किर्च, त्रिशूल ही जहाजं सांभाळली. आपल्या उरणजवळच्या कारंजाला हायर कमांड कोर्स. पुढे ईस्टर्न फ्लीट (पूर्वेकडचा युद्धनौकांचा ताफा), २०१९ ला केरळातल्या एळिमलाच्या नौदल अकादमीचे कमांडंट, मग डायरेक्टर जनरल नेव्हल ऑपरेशन्स आणि त्यानंतर पर्सोनेल.

जहाज चालवलेलाच माणूस का? तीन वॉचचं (ड्युटीच्या पाळ्यांचं) काम माणसं कमी पडून दोन वॉचवर आलं की चार तास ड्युटी, चार तास सुट्टी सुरू होते. झोप तुटते, देखभाल मागे पडते. कागदावर मात्र 'दहा पदं रिक्त' एवढंच दिसतं.

मानखुर्द लोकल : बदल्यांबद्दल घोळ आहे. धोरण दिल्लीत ठरतं, पण नौसैनिकांच्या बदल्या आणि रेकॉर्ड पाहतं मुंबईत मानखुर्दचं ब्यूरो ऑफ सेलर्स. घरच्या अडचणीमुळे बदली हवी असेल तर अर्ज डिव्हिजनल ऑफिसरमार्फत (आपल्या गटाच्या अधिकाऱ्यामार्फत) जहाजावरूनच वर जायला हवा. घरच्यांनी थेट दिल्लीला पत्र धाडलं, तरी ते बहुधा फिरून युनिटच्या शेऱ्यासाठी खालीच येतं.

कारंजाकर : बरोबर. दिल्लीचं खरं ओझं अग्निपथ या भरती योजनेसारख्या गोष्टींचं. जून २०२२ ला योजना जाहीर झाली तेव्हा पर्सोनेल त्रिपाठींकडेच होतं. चार वर्षांची सेवा, पुढे जास्तीत जास्त २५ टक्के कायम. तांत्रिक शाखेत ही गोम आहे, शिकण्यात जितका वेळ जाईल तितका जहाजावर कमी मिळतो. पहिली तुकडी २८ मार्च २०२३ ला ओडिशातल्या चिल्का प्रशिक्षण तळाहून बाहेर पडली, तीही सूर्यास्तानंतरच्या संचलनात. तोवर साहेब मुंबईत पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख म्हणून आलेले.

दर्यागप्पा : म्हणजे हुद्दा तोच, नुसती जागा बदलली?

लेव्हल सतरा : खांद्यावर तेच तारे, पण पगार तोच नाही. कमांडर-इन-चीफ (कमांडचा प्रमुख) झालं की वेतनश्रेणी लेव्हल १७, मूळ वेतन ठरलेलं २,२५,००० रुपये. त्रिपाठींनंतरही हीच वाट दिसते : कृष्णा स्वामिनाथन पर्सोनेलहून मे २०२४ ला उपप्रमुख, संजय भल्ला ऑक्टोबर २०२५ ला पूर्व कमांडवर. योगायोग म्हणा, तिघंही कम्युनिकेशनवाले.