रिक्रूटरचा फोन: त्याच्या नोंदी पुढे कुठे जातात?

नोकरीसाठी अर्ज केल्यावर रिक्रूटरचा, म्हणजे कंपनीसाठी उमेदवार शोधणाऱ्याचा, पहिला फोन ही निव्वळ औपचारिकता असते, असं काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. प्रॉडक्ट मॅनेजर (प्रॉडक्टमध्ये काय, कसं बनवायचं ते ठरवणारी व्यक्ती) निवडताना मी टेबलाच्या पलीकडे, मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसलेय. रिक्रूटर बोलता बोलता चार ओळी टिपतो आणि हायरिंग मॅनेजरसमोर (ज्याच्या टीमसाठी भरती आहे त्याच्यासमोर) बहुतेक वेळा तेवढंच येतं. त्यामुळे त्याला जसंच्या तसं उतरवून घेता येईल असं बोला. 'ऑनबोर्डिंग (नव्या वापरकर्त्यांची सुरुवात) सुधारलं' यातून काही कळत नाही. 'नोंदणीत लोक फोन नंबरच्या पायरीला सोडून जात होते, आम्ही ती पायरी पहिल्या वापरानंतर ढकलली, तो निर्णय माझा होता' हे मात्र नोंदीत टिकतं. त्यातलं 'माझा' फार महत्त्वाचं, कारण अख्ख्या फोनभर 'आम्ही केलं' म्हणणाऱ्याने नेमकं काय केलं ते शेवटपर्यंत समजत नाही.

फ्रेमवर्क (उत्तर मांडायचे ठरलेले साचे) वगैरे पुढच्या फेऱ्यांसाठी ठेवा. पगाराचा विषय निघालाच तर या पदासाठी ठरलेली रेंज आधी विचारा, त्यात वावगं काही नाही. आणि फोन ठेवण्याआधी पुढच्या फेऱ्या कोण घेणार, केस (सोडवायला दिलेला एखादा कामातला प्रश्न) असेल का, हेही विचारून घ्या. चांगले रिक्रूटर मोकळेपणाने सांगतात.