डिकीत नायट्रोजनचा कंटेनर, मागच्या सीटवर घरची मंडळी : एकच देखणी गाडी कोणती घ्यावी?

प्रश्न : गोठ्याची वाट

नमस्कार. मी फलटण तालुक्यात खासगी पशुवैद्यकीय व्यवसाय करतो. आजवर मोटारसायकल आणि एक जुनी लहान हॅचबॅक यांवर भागवले. आता दोन्ही थकल्या आहेत. रोजचा प्रवास सत्तर-ऐंशी किलोमीटरचा असतो, पण तो सलग नसतो. पाच-सहा किलोमीटर जायचे, गोठ्यावर अर्धा तास थांबायचे आणि पुढच्या वस्तीकडे निघायचे, असे दिवसभर चालते. निम्मे रस्ते डांबरी आहेत, उरलेले कालव्याकडेचे आणि पाणंदीचे. ऊसतोडीच्या दिवसांत समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला की गाडी थेट शेतातच उतरवावी लागते.

सोबत कृत्रिम रेतनाच्या गोठवलेल्या रेतमात्रांचा तीन लिटरचा द्रव नायट्रोजनचा कंटेनर, लसींची बर्फपेटी, कॅल्शियम व सलाईनच्या बाटल्यांचा खोका, सोनोग्राफीचे छोटे यंत्र, अडलेल्या गाईसाठी दोर व साखळ्या आणि चिखलाने माखलेले गमबूट असतात. हीच गाडी सकाळी पत्नीला तिच्या शाळेत सोडते आणि महिन्यातून दोनदा चौघांना घेऊन पुण्याला जाते. शेणाच्या वासाबद्दल घरात जे बोलले जाते ते येथे लिहीत नाही.

रस्त्यावर येईपर्यंतची मर्यादा साधारण पंधरा लाख रुपये आहे. गाडी देखणी हवी, हे मी संकोच न करता सांगतो, कारण दिवसातले चार तास मी तिच्यातच असतो. मित्र ‘थार घे’ किंवा ‘पिकअप घे’ असे म्हणतात. आपले मत काय?

उत्तर १ : रानवाट

डॉक्टर, मीही याच व्यवसायात आहे. रूपाची चर्चा नंतर करू. आधी कंटेनरविषयी बोलणे भाग आहे, कारण गाडीचा प्रकार त्यावरच ठरतो.

एक लिटर द्रव नायट्रोजनचा सामान्य तापमानाला सुमारे सातशे लिटर वायू होतो. आपला कंटेनर भरलेला असताना आडवा झाला आणि सगळा द्रव सांडला, तर दोन हजार लिटरहून अधिक वायू बाहेर पडेल, आणि लहान एसयूव्हीच्या आतली सगळी पोकळी ढोबळमानाने तीन हजार लिटरची असते. या वायूला रंग नाही, वास नाही. श्वास कोंडल्याची जाणीव शरीराला कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते, प्राणवायू कमी झाल्यामुळे नव्हे. म्हणून नायट्रोजनने गुदमरणाऱ्या माणसाला धोक्याची सूचनाच मिळत नाही. रोजच्या संथ बाष्पीभवनाची भीती बाळगण्याचे कारण नाही, मात्र एसयूव्हीची डिकी आणि बसायची जागा एकाच हवेत असतात, हे मुले मागे बसलेली असताना विसरता येत नाही. कंटेनर घरच्या फेरीत गाडीत ठेवूच नये. कामाच्या फेरीत तो उभा, गाडीच्या जमिनीला पक्क्या बसवलेल्या लोखंडी चौकटीत ठेवावा, एसीचे बटण आतल्या हवेवर न ठेवता बाहेरच्या हवेवर ठेवावे आणि एक काच बोटभर उघडी असावी. त्याचे झाकण घट्ट दाबून बंद करण्याचा मोह तर कधीच होऊ देऊ नये. वाफेला वाट मिळाली नाही तर कंटेनरच फुटतो.

या एका बाबतीत पिकअपवाले मित्र बरोबर आहेत, कारण तिचा हौदा मोकळ्या हवेत असतो. पण इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स आपल्या मर्यादेत बसणार नाही. शिवाय दोन्ही सव्वापाच मीटरहून लांब आहेत; पाणंदीतून त्या वळवायच्या म्हणजे शेजारच्या शेतकऱ्याची परवानगी घ्यावी लागेल! बोलेरो कॅम्पर आवाक्यात येते, पण ती मालवाहू म्हणून नोंदली जाते. पिवळी पाटी लागते, पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेसची तपासणी येते, आणि पत्नीला शाळेच्या दारात तिच्यातून उतरायला आवडेल की नाही, हे आपणच ठरवा.

तीन दारांच्या थारची जमीन धुता येते, हे खरे आहे; पण मागे माणसे बसली की सामानाला जागाच उरत नाही. पाच दारांच्या थार रॉक्सची डिकी ४४७ लिटरची आहे, परंतु तिचे मागचे दार बाजूला उघडते, आणि गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून गाडी उभी केली की ते अर्धेच उघडते. बोलेरो निओचेही मागचे दार तसेच आहे. तरीही माझा कौल डिझेलवर चालणाऱ्या निओकडेच झुकतो. लांबी चार मीटरच्या आत, ताकद मागच्या चाकांना, वरच्या प्रकारात चिखलासाठी यांत्रिक डिफरन्शियल लॉक (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला ताकद देणारी सोय) आणि डिकी चौकोनी व उंच. देखणेपण मात्र ज्याच्या त्याच्या डोळ्यांत असते.

उत्तर २ : जमाखर्च

मी गाड्यांचा नव्हे, हिशेबाचा माणूस आहे. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या उपचारसेवेला जीएसटी माफ आहे. म्हणून गाडीवर भरलेला जीएसटी आपल्याला कोठूनही परत मिळणार नाही, तो पूर्णपणे खर्चच धरा. त्यामुळे २२ सप्टेंबर २०२५ पासूनचे दर आपल्याला इतरांपेक्षा अधिक जाणवतील. चार मीटरच्या आतील गाडीत पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के, त्यापलीकडे ४० टक्के आणि विजेच्या गाडीला ५ टक्के. ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही तिचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे असल्यामुळे ती ४० टक्क्यांत जाते. स्कोडा कायलॅक ९९९ सीसीमुळे १८ टक्क्यांत राहते.

गाडी स्वतःच्या नावावर घ्या. महाराष्ट्रात कंपनीच्या नावे नोंदलेल्या पेट्रोल किंवा डिझेल मोटारीला सरसकट २० टक्के रस्ताकर लागतो. वैयक्तिक नावावर असली तरी व्यवसायात वापरलेल्या प्रमाणात १५ टक्के घसारा आणि कर्जाचे व्याज खर्ची घालता येते. त्यासाठी किलोमीटरची वही मात्र प्रामाणिकपणे लिहावी लागेल. खासगी नोंदणीचा आणखी एक फायदा म्हणजे राष्ट्रीय महामार्गावर २०० फेऱ्यांचा फास्टॅग वार्षिक पास मिळतो, जो मालवाहू गाडीला मिळत नाही.

उत्तर ३ : दिवेघाट

‘रानवाट’ यांच्या सुरक्षेच्या सूचना बिनतोड आहेत, पण डिझेलचा सल्ला मला पटत नाही. प्रदूषणाच्या बीएस-६ निकषाच्या डिझेल गाडीच्या धुराड्यातील गाळणीत जमलेली काजळी जळून जाण्यासाठी इंजिन काही वेळ सलग आणि तापलेल्या अवस्थेत चालावे लागते. पाच किलोमीटर जाऊन अर्धा तास थांबण्याच्या कामात ते होत नाही, आणि मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. महिन्यातून दोनदा पुण्याला जाणे त्यावर पुरेसा उपाय नाही.

आपली दिनचर्या विजेच्या गाडीला साजेशी आहे. अंतर ठरलेले, रात्री मुक्काम घरी. नेक्सॉन ईव्हीच्या ठरावीक प्रकारांत गाडीतून ३.३ केव्हीएपर्यंत वीज बाहेर घेता येते. रात्री म्हशीचे सिझेरियन करताना भारनियमन झाले तर हॅलोजन आणि पाण्याचा हीटर गाडीवर चालवता येईल. मोबाइलच्या उजेडात टाके घातलेल्यांना याचे मोल निराळे सांगायला नको. गाडी उभी असतानाही इंजिनाविना एसी सुरू राहतो, म्हणजे एप्रिलच्या उन्हात औषधे तापत नाहीत. लाळ्या-खुरकूतच्या लसीला २ ते ८ अंश सेल्सिअस लागतात. बर्फपेटी तेवढे राखेल, पण तिच्याभोवतीची हवा साठ अंशांवर गेली तर बर्फ दुपारपर्यंत टिकणार नाही.

याच कारणासाठी काळे छत आणि मोठे सनरूफ या दोन फॅशनांपासून दूर राहावे. पांढरी किंवा चंदेरी गाडी आतून कमी तापते आणि कालव्याची धूळ तिच्यावर कमी उठून दिसते. आतल्या सीट मात्र गडद, कापडाऐवजी पुसता येणाऱ्या आवरणाच्या घ्या. वासाच्या तक्रारीचे निम्मे उत्तर तेथेच आहे. उरलेले निम्मे म्हणजे गमबुटांसाठी झाकणाचा प्लॅस्टिकचा टब.

पुन्हा : गोठ्याची वाट

सर्वांचे आभार. मागच्या रविवारी जुना कंटेनर पाण्याने भरून तीन शोरूममध्ये नेला. विक्रेत्याला वाटले, मी दूध घालायला आलो आहे. एका गाडीत डिकीचे लिटर भरपूर, पण वरचा ट्रे कंटेनरच्या मानेला लागत होता. दुसरीत डिकीचा काठ कमरेइतका उंच होता. दिवसातून पंधरा वेळा तेवढे उचलायचे म्हणजे वर्षभरात माझीच पाठ धरेल. तिसरीत मागचे सीट साठ-चाळीस विभागून दुमडत होते, त्यामुळे एका बाजूला कंटेनर आणि दुसऱ्या बाजूला मदतनीस असे बसवता आले.

डिझेलचा विचार सोडला आहे. कायलॅक आणि नेक्सॉन ईव्ही या दोन राहिल्या. घराचा वीजभार चार्जरसाठी वाढवून मिळण्याकरिता महावितरणकडे अर्ज केला आहे, आणि कंटेनरची चौकट गावातील वेल्डरकडे टाकली आहे. चौकट हातात आली की तीच घेऊन दोन्ही गाड्या पुन्हा पाहीन. या वेळी पत्नीही सोबत असेल, कारण रंगाचा निर्णय तिने स्वतःकडे ठेवला आहे.