रोटरी पॉलिशर घ्यायचाय, गाडी काळी आहे

खारघरचा_रविवार
नमस्कार मंडळी. २०१६ ची काळी हॅचबॅक आहे. सोसायटीत गाड्या पुसणारा एकाच बादलीत, एकाच फडक्यात वीस गाड्या उरकतो, त्यामुळे उन्हात बॉनेटवर बारीक ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं दिसतं. दुकानात दोन मशीन बघितली. एक १४०० वॅट, स्पीड मिनिटाला १००० फेऱ्यांपासून पुढे. दुसरं १२०० वॅट, ६०० ते ३०००, पण दीड हजारांनी महाग. दुकानदार म्हणतो, जास्त वॅट म्हणजे जास्त दम. घरी चार इंची ग्राइंडर पडलाय, त्यालाच पॅड लावलं तर? हसू नका.

ऐरोली_७०८
डीए घे, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन, ज्याचं पॅड फिरता फिरता डोलतंही. विषय संपला.

कोपरीचा_पेंटर
हसलो नाही, घाबरलो. ग्राइंडर मिनिटाला ११००० फेरे मारतो, पॉलिशला हजार-दीड हजार खूप झाले. शिवाय छोट्या ग्राइंडरचा आटा एम-१०, पॉलिशरचा एम-१४, म्हणजे पॅड धरणारी बॅकिंग प्लेटही बसणार नाही. देवच पाठीशी आहे म्हण.

महागातलं घे. वॅटचं सोड, खालचा स्पीड किती ते बघ. कंपाउंड, म्हणजे ओरखडे घासून काढणारी पेस्ट, पसरायचं ते ६०० वर, नाहीतर निम्मं तुझ्या शर्टावर. बटण दाबल्यावर मशीन हळूहळू उचल घेतं का, आणि पॅड दाबल्यावर स्पीड पडतो का, हे दुकानातच लावून बघ. आणि दोन मिनिटं हातात धर. अडीच-तीन किलो दुकानात काहीच वाटत नाही, दाराच्या खालच्या पट्टीला आलास की कळतं.

रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४०-५० मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही पातळ. कडांवर तो आणखी कमी असतो. मी शिकत असताना एका बंपरच्या कोपऱ्यावर चार सेकंद जास्त थांबलो. प्लास्टिकमध्ये उष्णता पसरत नाही, रंग सुरकुतला. गिऱ्हाइकाला आख्खा बंपर स्वखर्चाने रंगवून दिला, ते पैसे अजून आठवतात. म्हणून कडांना मास्किंग टेप, पॅड सपाट, हात कायम चालता, आणि मधूनमधून पत्र्याला तळहात लावून बघायचं. वायर खांद्यावरून मागे.

ऐरोलीकरांचं अर्धं बरोबर आहे. रोटरीने कापलं की काळ्या रंगावर उन्हात ढगाळ पट्टे उमटतात, ते काढायला मऊ फोम किंवा डीए लागतोच. पण खोल ओरखड्यांना रोटरीचाच हात लवकर पोचतो.

खारघरचा_रविवार
धन्यवाद दादा. पार्किंगमध्ये साधा ६ अँपिअरचा सॉकेट आहे, चालेल? आणि वूल (लोकरीचं) पॅड की फोम?

कोपरीचा_पेंटर
१२०० वॅटला पाच-सव्वापाच अँपिअर लागतात, चालेल. फक्त एक्स्टेंशनची वायर जाड घे आणि गुंडाळी पूर्ण सोड, नाहीतर तापते. वूल आत्ता नको, फार कापतं. मध्यम फोमने सुरुवात कर. आधी गाडी धू, क्ले (रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा गोळा) फिरव, नाहीतर धुळीचेच कण रगडशील. बोअरिंगच्या पाण्याचे डाग असतील तर आधी ते काढ.

ऐरोली_७०८
आणि पहिला हात स्वतःच्या गाडीवर नको.

कोपरीचा_पेंटर
हे मात्र शंभर टक्के. एखाद्या डेंटिंगवाल्याकडून भंगारातलं बॉनेट आण, काळंच बघ. मुद्दाम एका कडेवर रंग जाळून बघ. किती सेकंद लागतात ते मोज.

खारघरचा_रविवार
बॉनेट मिळालं. बायको विचारतेय, हे गॅलरीत किती दिवस राहणार.