शब्दचर्चा : ‘वापेन’ म्हणजे राजमुद्रा का?

प्रश्न : होहेनत्सोलर्न या जर्मन राजघराण्यावरच्या लेखात ‘वापेन’ला, म्हणजे घराण्याच्या ढालीवरच्या चिन्हाला, राजमुद्रा म्हटलेलं चालेल का? आणि ‘ढालीची उजवी बाजू’ कोणाची उजवी?

– राजमुद्रा नको. मुद्रा उमटवायची असते. शिवरायांच्या अष्टकोनी मुद्रेवर मजकूर आहे, चित्र नाही. वापेन ढालीवर रंगवतात, आणि शस्त्राला असलेला जर्मन शब्द ‘वाफे’ त्याचाच सख्खा भाऊ. ‘कुलचिन्ह’ लिहा. फक्त ढालीबद्दल बोलत असाल तर ‘ढाल’च म्हणा, कारण पूर्ण कुलचिन्हात शिरस्त्राण, त्यावरचा तुरा आणि दोन्ही अंगांनी लोंबणारं कापडही येतं.

– उजवी बाजू ढाल धरणाऱ्याची, म्हणजे बघणाऱ्याची डावी. त्सोलर्नच्या (होहेनत्सोलर्नचं मूळ नाव) ढालीचे चार भाग आहेत : बघणाऱ्याच्या डावीकडे वर रुपेरी, शेजारी काळा, खाली याच्या उलट. इथे उजवं-डावं चुकलं की अख्खी ढाल उलटी होते, आणि वर्णनावरून चित्र काढणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. रुपेरीच्या जागी पांढरा रंग दिला तरी चालतो, दोन्ही एकच धरतात.

– गरुडांचीही गल्लत होते. तांबडा गरुड ब्रांडेनबुर्गचा, काळा प्रशियाचा. 1417 साली याच घराण्यातला न्युर्नबर्गचा बुर्गग्राफ (किल्ल्याचा अधिकारी सरदार) फ्रीडरिश याला ब्रांडेनबुर्गचं इलेक्टरपद, म्हणजे राजा निवडण्याचा हक्क असलेलं पद, रीतसर मिळालं, तेव्हा तांबडा आला. त्याआधीच्या प्रसंगात घराण्याच्या ढालीवर गरुड दाखवू नये. बुर्गग्राफांची ढाल वेगळी होती : सोनेरी पृष्ठावर काळा सिंह, भोवती रुपेरी-तांबड्या तुकड्यांची किनार.

– ‘तुरा’ शब्दावरून पिसं डोळ्यांपुढे येतात, पण होहेनत्सोलर्नांचा तुरा म्हणजे शिकारी कुत्र्याचं डोकं. तोही चक्क विकत घेतलेला! 1317 साली रेगेन्सबेर्गच्या लॉयटोल्डकडून, 36 मार्क चांदीला. हे मार्क म्हणजे वजन, नाणं नव्हे. पुढे तसंच डोकं वापरणाऱ्या ओटिंगेन घराण्याशी वाद झाला. ओळखायचं कानावरून : होहेनत्सोलर्नांच्या कुत्र्याच्या कानावर ढालीचेच चार भाग, ओटिंगेनांच्या कुत्र्याच्या कानावर तिरकी फुली.

– जाता जाता, ‘ग्राफ’ या जर्मन सरदारकीच्या पदवीचं भाषांतर. 1919 नंतरच्या जर्मन व्यक्तीला ‘काउंट’ लावू नका. त्या वर्षीच्या जर्मनीच्या वायमार संविधानाच्या कलम 109 नुसार पदवी आडनावाचा भाग झाली, म्हणून ‘ओटो ग्राफ लाम्सडॉर्फ’ हाच क्रम. बाईंच्या नावात मात्र ‘ग्रेफिन’ : मारिओन ग्रेफिन ड्योनहोफ.