वॉशिंग्टनची मेट्रो 29 तास बंद ठेवली, ते बरोबरच होतं

नदीकाठ:
मेगाब्लॉकच्या नावाने आपण दर रविवारी बोटं मोडतो, म्हणून हा विषय काढतोय. 16 मार्च 2016, बुधवार. वॉशिंग्टनची अख्खी मेट्रो बंद. ना बर्फ, ना वादळ, ना संप. आदल्या दिवशी दुपारी साडेचारच्या सुमारास महाव्यवस्थापक पॉल वीडेफेल्ड यांनी जाहीर केलं, की मध्यरात्रीपासून गुरुवारी पहाटे पाचपर्यंत एकही गाडी धावणार नाही. कारण सोमवारी मॅकफर्सन स्क्वेअरजवळच्या बोगद्यात विजेच्या केबलला आग लागली होती. अशाच बिघाडाने जानेवारी 2015 मध्ये लान्फाँ प्लाझाजवळ गाडी धुरात अडकली आणि एका बाईंचा जीव गेला होता.

मी तेव्हा रेड लाइनवर राहायचो. सकाळी स्टेशनचं जाळीचं दार ओढलेलं, बसची रांग कोपऱ्याला वळसा घालून गेलेली. माझ्यापुढे दप्तर घेतलेली दोन मुलं होती, तिथे बरीच मुलं शाळेलाही मेट्रोने जातात. चडफडत उभा होतो. संध्याकाळी निकाल आला: सुमारे 600 केबल तपासल्या, 26 ठिकाणी दोष, त्यातल्या 3 जागा इतक्या वाईट की तिथून गाडी न्यायचीच नाही. चडफड तिथेच संपली. त्या तीन जागांवरून त्या दिवशी आम्हीच गेलो असतो.

सावनी:
साफ असहमत. सरकारी नोकरांना रजेची, घरून कामाची मुभा मिळाली. माझं काम दुकानात, तासावर. गेले नाही तर पैसे नाहीत. टॅक्सीने गेले असते तर अर्धा पगार भाड्यात. एकेक मार्ग रात्री बंद करून तपासता आला नसता का?

रूळकरी:
सावनीताई, मी विद्युत विभागात देखभालीवर नोकरी केली आहे, म्हणून सांगतो. तिथे गाडीला वीज रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून मिळते, 750 व्होल्ट. तो रूळ सलग नसतो. जिथे तुटतो तिथे जाडजूड जंपर केबलने जोडतात. बोगद्यात पाणी झिरपतं, धूळ बसते, जोडाचं आवरण सैल असलं की ओल आत शिरते. मग ठिणग्या, मग धूर. हे लांबून टॉर्च मारून दिसत नाही, जोडापाशी वाकून बघावं लागतं. रात्री शेवटची गाडी गेल्यावर वीज तोडा, ती तुटल्याची खात्री करा, माणसं आत न्या आणि पहाटेआधी सगळं पूर्ववत करा. हातात उरतात दोन-तीन तास. 600 केबलना किती रात्री लागल्या असत्या? आणि तोवर दिवसा गाड्या त्याच केबलींवर.

अनिकेत:
तांत्रिक बाजू मान्य, पण धाग्यातलं कौतुक पटत नाही. जोडांवर आवरणं नीट नाहीत, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने जून 2015 मध्येच लेखी कळवलं होतं. ऑगस्ट 2015 मध्ये स्मिथसोनियन स्टेशनजवळ मेट्रोची रिकामी गाडी घसरली. तिथला रुळाचा दोष महिनाभर आधी यंत्रणेने टिपलेला होता, दुरुस्त कोणीच केला नाही. तपासणी काय कमी होती? आपल्याकडे मुंबईत सीएसएमटीचा पादचारी पूल 2019 मध्ये पडला, त्याचंही ऑडिट झालेलं होतं. आधी नऊ महिने हातावर हात ठेवून बसायचं आणि मग एका रात्रीत लाखो लोकांना पायपीट करायला लावायची, याला मी धाडस म्हणणार नाही.

नदीकाठ:
अनिकेत, नऊ महिन्यांचा मुद्दा खोडता येत नाही, खोडतही नाही. वीडेफेल्ड नोव्हेंबर 2015 मध्ये आले, पण संस्था तीच होती. तरी मंगळवारी दुपारी त्या खुर्चीत जो बसला होता, त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या. आधीच्यांनी दिरंगाई केली म्हणून त्यानेही गाड्या चालू ठेवायच्या? पुढे जून 2016 पासून ‘सेफट्रॅक’ नावाच्या दुरुस्ती मोहिमेत एकेक टप्पा अनेक दिवस बंद ठेवून किंवा एकाच रुळावरून गाड्या चालवून रुळांची दुरुस्ती केली. तेव्हाही लोकांचे हाल झालेच.

सावनी:
सेफट्रॅकबद्दल माझी तक्रार नाही. मे महिन्यात सांगितलं, जूनमध्ये सुरू केलं. मला कामाची पाळी बदलून घेता आली, एका मैत्रिणीच्या गाडीत जागा मिळाली. त्या मंगळवारी बातमी कळली तेव्हा मी कामावरच होते आणि दुसऱ्या दिवशीची माझी पाळी सकाळी सहाची होती. बंद ठेवा, माझी ना नाही. पण ज्याची रोजी बुडते त्याला त्या दिवसाचं काय देणार, हे त्याच पत्रकार परिषदेत सांगा.