'प्राउस' म्हणजे लगामातला लढाऊ घोडा? मला पटत नाही

पैलतीर
'जे सौम्य ते धन्य, कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील', असं येशू बायबलच्या नव्या करारात म्हणतो (मत्तय ५:५). या ओळीवर कोणी बोलायला उभं राहिलं की हल्ली हमखास ऐकू येतं: इथला ग्रीक शब्द 'प्राउस' लढाईसाठी तयार केलेल्या घोड्याला लावत, म्हणून सौम्य म्हणजे दुबळा नव्हे, ताकद असून लगामात राहणारा. ऐकायला झकास. पण झेनोफोन या ग्रीक लेखकाने इ.स.पू. चौथ्या शतकात घोड्यांवर जे लिहिलं, त्यात हा शब्द शिंगराला लावलाय. शिकवणाऱ्याच्या हवाली करतानाच शिंगरू प्राउस, हाताळू देणारं, माणसाळलेलं असावं, असं तो म्हणतो. तालीम सुरूही झालेली नाही, लगाम कुठून आला?

मुळात ही ओळ पागेतून आलेलीच नाही, ती जुन्या करारातल्या स्तोत्र ३७:११ मधली आहे. तिथे हिब्रूत 'अनावीम' आहे, म्हणजे गांजलेले, पिचलेले लोक. दुर्जन तलवार उपसून, धनुष्य वाकवून दीनदुबळ्यांवर उठलेत आणि स्तोत्रकार बजावतोय: जळफळू नका, राग सोडा, जमीन तुम्हालाच मिळेल. जमिनीचं हे आश्वासन त्या एका स्तोत्रात पाचदा येतं. ज्यांच्या हाती काहीच नाही त्यांना 'ताकद आवरा' काय सांगायचं?

निवडुंग
घोडा सोडून देतो, पण अर्थ सोडणार नाही. जुन्या करारातल्या गणना १२:३ च्या ग्रीक भाषांतरात इस्राएलांचा पुढारी मोशे याला 'फार प्राउस' म्हटलंय. हा तोच मोशे, ज्याने एका मिसऱ्याला (इजिप्तच्या माणसाला) ठार केलं आणि दगडी पाट्या आपटून फोडल्या. पिचलेला वाटतो का? त्याचीच भावंडं मिर्याम आणि अहरोन त्याच्याविरुद्ध बोलतात, तो गप्प राहतो, आणि मिर्यामला कोड फुटल्यावर तिच्यासाठीच गाऱ्हाणं घालतो. अ‍ॅरिस्टॉटलही हा गुण शीघ्रकोपी आणि कधीच न रागावणारा यांच्या मधोमध ठेवतो: योग्य माणसावर, योग्य कारणाने, योग्य वेळी रागावणारा. मत्तय २१:५ मध्ये येशू प्राउस राजा म्हणून गाढवावर बसून येतो आणि २१:१२ मध्ये मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथून टाकतो.

पैलतीर
अ‍ॅरिस्टॉटल अर्धाच वाचलात. तिथेच तो म्हणतो की असा माणूस चुकलाच तर कमी रागावण्याकडे झुकतो, कारण तो सूड घेणारा नसतो, क्षमा करणारा असतो. आणि मोशेच्या गोष्टीत जाब कोण विचारतं? देव. स्तोत्रात हेच आहे.

आगाऊ
म्हणजे जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे बरोबरच होता की! १८८७ मध्येच त्याने लिहून ठेवलं: ज्यांना सूड घेता येत नाही ते आपल्या असमर्थतेला चांगुलपणा म्हणतात.

पैलतीर
आगाऊ, स्तोत्रातली माणसं सूड नकोय असं म्हणतच नाहीत. दुर्जनांचे बाहू मोडतील, असं १७ व्या ओवीत ठणकावून सांगितलंय. फक्त ते काम त्यांनी स्वतःच्या हाती घेतलेलं नाही.

वसईकाठ
तुम्ही दोघे पुरुष घोडा आणि मोशे घेऊन बसलात. आमच्याकडे लग्नाच्या मिस्सेत १ पेत्र ३:४ काढतात, 'सौम्य व शांत आत्मा' (सौम्य म्हणजे इथेही प्राउसच), आणि सगळ्यांच्या नजरा नवरीकडे. त्याच अध्यायाच्या १५ व्या ओवीत आपल्या आशेबद्दल जाब विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर द्या म्हटलंय. ते सगळ्यांना लागू, पण कोणी वाचत नाही.

प्रेषित पौल आपल्या पत्रांत ही सौम्यता कोणाकडून मागतो ते पाहा. चुकलेल्याला सावरणाऱ्याकडून (गलती ६:१). विरोधकाला शिकवणाऱ्याकडून (२ तीमथ्य २:२५). करिंथच्या मंडळीला तर तो सरळ विचारतो, काठी घेऊन येऊ की सौम्यतेने (१ करिंथ ४:२१)? काठी कोणाच्या हातात आहे? २ करिंथ १०:१ मध्ये याच शब्दाच्या जोडीला 'एपिएइकेइया' येतो. अ‍ॅरिस्टॉटलकडे तो न्यायाचा शब्द: कायदा सरसकट असतो, म्हणून एखाद्या प्रकरणात अन्याय होणार असेल तर तो तिथे सैल करायचा. हे ज्याच्याकडे अधिकार आहे त्यालाच जमतं. १ तीमथ्य ३:३ मध्ये तोच गुण मंडळीच्या अध्यक्षाच्या (बिशपच्या) अंगी असायला हवा म्हटलंय. नवरीच्या आधी पाद्रीबाबांना वाचून दाखवा.

निवडुंग
वसईकाठताई, मग तुम्ही माझ्याच बाजूच्या. काठी हातात असून न उगारणं, हेच तर मी म्हणतोय.

वसईकाठ
पौलापुरतं हो. मत्तय ५ मध्ये ऐकायला बसलेल्यांच्या हातात काठी नव्हती. तिथे पैलतीर बरोबर आहेत.