जुन्या गाडीचा रंग, मॅचिंग आणि डेंटिंग-पेंटिंगवाले : अनुभव येऊ द्या

झेनवाली
आज सिग्नलला एक फिक्कट निळी पद्मिनी शेजारी येऊन थांबली. ड्रायव्हरकडचं दार तेवढं गडद! आमच्या बाबांची झेन आठवली. तिच्या मागच्या दाराला रिक्षा घासून गेली होती. गॅरेजवाला म्हणाला, "कोड टाकला की मशीन रंग काढतं, शंभर टक्के मॅच." संध्याकाळी ट्यूबलाइटखाली गाडी ताब्यात दिली तेव्हा मॅच होताही. सकाळी उन्हात आईने गॅलरीतूनच विचारलं, "अहो, दार दुसऱ्या गाडीचं बसवलं का?" त्यानंतर बाबा गाडी कायम ती बाजू भिंतीकडे करूनच लावायचे. तुमचेही किस्से लिहा.

गन आणि कॉम्प्रेसर
माझा धंदाच हा. कोड म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशीचा रंग. नंतर ती वर्षानुवर्षं उन्हात उभी राहिली त्याचं काय? लाल असेल तर विचारूच नका. शिवाय एकाच कोडच्या दोन-चार छटा निघतात. म्हणून पेट्रोलचं झाकण काढून रंगाच्या दुकानात न्यायचं, तेही आधी पॉलिश मारून, नाहीतर मळाला मॅच होतो. पत्र्याच्या तुकड्यावर मारून सुकू द्यायचा आणि दिवसाउजेडी गाडीला लावून बघायचा.
मेटॅलिक सिल्व्हर म्हणजे डोकेदुखी. त्यात अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. स्प्रे गन किती लांबून धरली, हवा किती ठेवली यावर ते कसे बसतात ते ठरतं. थर ओला पडला की गडद दिसतो, सुका पडला की उजळ. डबा तोच! त्यामुळे काम एका दाराचं असलं तरी रंग शेजारच्या पॅनलवर विरत न्यावा लागतो आणि क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, दोन्हींवर पूर्ण मारावा लागतो. मग गिऱ्हाईक विचारतं, त्या दाराला काय झालं होतं, त्याचे पैसे कशाचे?

कटिंग चहा
आमची 800 पांढरी. कटकट नाही.

मी_नाशिककर
@कटिंग चहा, असं वाटतं खरं. आमच्याही 800 च्या प्लेटवर रंगाचा कोड 26यू, सुपीरिअर व्हाइट. बंपर रंगवून आणला तर तो पांढराशुभ्र आणि उरलेली गाडी म्हशीच्या दुधावरची साय. शेवटी बॉनेटही करून घेतलं. मग मडगार्ड पिवळे दिसायला लागले. मिस्टर म्हणाले आता थांब, घर पण विकायला लावशील.

कटिंग चहा
😂😂 बाहेर जाऊन बघून आलो. बंपर वेगळा आहे. झोप उडवलीत.

खारा वारा
मॅचिंगचं काय घेऊन बसलात, आमच्या रत्नागिरीत पत्रा उरला तर रंग! दाराखालच्या पट्टीला फोड आला म्हणून नखाने खरवडला, तर बोट आत. गॅरेजवाल्याने कुजका पत्रा न कापता वरून लांबी (पुट्टी) थापली, पेपर मारला, रंग दिला. गणपतीत गाडी चकाचक. शिमग्याला धुताना ढलपा हातात आला, आत वर्तमानपत्राचा बोळा! पाऊसपाण्याच्या बातम्या वाचता येत होत्या. आता जुनी गाडी बघायला जाताना खिशात फडक्यात गुंडाळलेलं चुंबक असतं. जिथे धरत नाही तिथे लांबी.

झेनवाली
बोळा!!! 🤦‍♀️

क्लेमवाला
घाईत लिहितोय. विम्यात रंगाच्या मटेरियलवर 50 टक्के घसारा कापतात, मजुरीवर नाही. बिलात दोन्ही एकत्र असेल तर रंगाच्या खर्चातले 25 टक्के मटेरियल धरून त्यावर कापतात. गॅरेजवाल्याला सांगा, बिल सुटं करून दे. आणि सर्व्हेअर येईपर्यंत गाडीला हात लावू देऊ नका.

पिंपळपान
मला मॅचिंगचा वैतागच आलाय, अख्खी गाडी दुसऱ्या रंगाची करून टाकू का?

क्लेमवाला
आरसीवर रंग लिहिलेला असतो. बदलायचा तर आरटीओत नोंद करावी लागते. नाहीतर क्लेमच्या वेळी नसती भानगड.

दादरचा दाद्या
पद्मिनी काळीपिवळीच शोभते. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी संपल्या तेव्हा अण्णा दोन दिवस नीट जेवले नाहीत. त्यांच्या टॅक्सीचा टप दरवर्षी दसऱ्याआधी ब्रशने रंगवायचे, मॅचिंग वगैरे काही नाही. पिवळा म्हणजे पिवळा. कुणाकडे पद्मिनीच्या मागच्या दिव्याचं भिंग आहे का?

मी_नाशिककर
कुर्ल्याला सीएसटी रोडवर बघितलंत का?

दादरचा दाद्या
पालथा घातला. मिळालं, पण उजवं. मला डावं हवंय.

पिंपळपान
@गन आणि कॉम्प्रेसर, स्कूटी पण करता का? पुढच्या आठवड्यात आणते.

गन आणि कॉम्प्रेसर
करतो, पण एवढ्यात नको. भर पावसात दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक धरते. पॅनल सुटे करून नवरात्रात आणा. आरसे काढून आणा, मागच्या खेपेला एकाने ते माझ्याकडेच हरवले म्हणून भांडण केलं होतं.